टायमावर

पेटी टेम्पोतून कामठा गावात दुर्गाप्रसादच्या अंगणात उतरली आणि घरातून बारीक आवाज आला, "पाणी द्या वं कोणी."

बिसरामचे हात जागच्या जागी थांबले. पेटी म्हणजे मयत ठेवायची, काचेच्या झाकणाची थंड पेटी. गेली अकरा वर्षं तो ती कुडव्याहून गावोगाव पोचवत होता. उशीर झाला तर मे महिन्यात काय होतं, ते त्याच्या नाकाने एकदा भोगलं होतं. लवकर पोचणं त्याहून वाईट. म्हणून फोन आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मयत झाली का?" समोरच्याने हो म्हटल्याशिवाय तो टेम्पोला किल्ली लावत नसे.

सकाळी दुर्गाप्रसादने बेधडक "झाली" म्हणून सांगितलं होतं.

"दुर्गाप्रसादभाऊ, तुमची माय तं बोलून राहिली!"

"हळू बोल ना! डॉक्टरनं जवाब देल्ला हाय. दुपारपर्यंत होऊन जाईन. गर्मीनं गावोगाव लोकं मरून राहिले, तुही पेटी दुसऱ्यानं नेली तं? पुण्याच्या पोराले परवाचीच सुट्टी भेटली."

बिसरामला शिसारी आली. मढी उचलताना कधी आली नव्हती, ती या जित्या माणसापुढे आली. लेकाच्या सुट्टीशी आईचं मरण जुळवून बसला होता हा इसम, तेही पान चघळत!

टेम्पोतली पाण्याची भरलेली बाटली घेऊन बिसराम आत गेला. खाटेवरची शामकलाबाई उघड्या दारातून पेटीकडेच बघत होती.

"फ्रीज आणला का रे?"

"हो, माय."

"बरं झालं. ठंडा पाणी भेटन."

त्याने तिला दोन घोट पाजले, बाटलीचं टोपण घट्ट लावलं आणि ती तिच्या उशाशी ठेवली. मग बाहेर येऊन म्हणाला, "धरा एक बाजू. वापस नेतो."

"काऊन?"

"माय जिती हाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला. बिसरामने नेहमीचा प्रश्न दोनदा विचारला. तो पोचला तेव्हा बायकांचं रडणं सुरू झालं होतं.

"आज कसा बरोब्बर टायमावर आला!" दुर्गाप्रसाद घड्याळ बघत म्हणाला.

शामकलाबाईला पेटीत ठेवलं. वायर लावायला बिसराम खाटेमागे वाकला. बाटली उशाशीच होती. टोपण त्याने लावलं होतं तसंच घट्ट होतं, आणि पाणी दोनच घोट कमी होतं.