घरच्या सायकलीला खूण नसते

तीन सायकली उरल्या होत्या. बाकीचं सामान आदल्या दिवशीच्या फेरीत गेलं होतं आणि मिस्त्रींची बायकोही त्याच फेरीत पुढे गेली होती, नव्या खोल्या लावायला. निघताना ती दुकानाच्या दारात थांबली. सगळं नीट न्या, जपून न्या, असलं काही तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तिची सायकल आहे तशी आली पाहिजे. बाकी काय फुटायचं ते फुटू दे."

तिची म्हणजे भिंगरीची. सतरा वर्षांची मुलगी, अकरा महिन्यांपूर्वी नऊ दिवसांच्या तापात गेलेली. एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नाही, म्हणून भिंगरी. ती गेल्यापासून तिची निळी सायकल दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती. मिस्त्रींनी तिला हात लावला नव्हता. दिवसभर ते दुसऱ्यांच्या चाकांतला वाक काढत बसत, आणि त्यांची पाठ त्या भिंतीकडे असे.

पिकअप बायकोच्या धाकट्या भावाची. भिंगरी त्याला मामा म्हणे, म्हणून हळूहळू सगळं घर, मिस्त्रीसुद्धा, त्याला मामाच म्हणू लागलं होतं. हाक मारणारी गेली तरी हाक राहिली.

मिस्त्रींनी हौद्यात जुनी गादी अंथरली. वीस वर्षं त्यांनी शर्यतीच्या सायकली गावोगाव पोचवल्या होत्या, आणि एकीलाही कधी ओरखडा आला नव्हता. पुढची चाकं काढून त्यांनी घोंगडीत गुंडाळली. पहिली सायकल तोंड पुढे करून ठेवली, दुसरी उलटी, तिसरी पुन्हा सुलटी, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. पेडलांना जुन्या सदऱ्याच्या चिंध्या बांधल्या, दोन सांगाड्यांच्या मध्ये फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या भरल्या. आवळायचा पट्टा ते कधीच सायकलीवरून टाकत नसत; सांगाड्यातून ओवून कड्याला अडकवत. वरून दाबलेली सायकल प्रत्येक खड्ड्यात उसळते. आतून धरलेली गाडीसोबत हलते.

"भावोजी," मामा फाळक्याला टेकून म्हणाला, "तान्हं पोर दुपट्यात गुंडाळायला माझ्या बायकोला एवढा वेळ लागला नव्हता."

"पोर दुखलं की रडतं. सायकल सांगत नाही."

"मी गाडी चालवणार आहे, उडवणार नाही."

"तुझं चालवणं बघितलंय मी. खड्डा दिसला की तुला चेव येतो."

मामा हसला, आणि हसण्याचा आवाज त्या रिकाम्या दुकानात जरा जास्तच मोठा वाटला म्हणून लगेच गप्प झाला.

ताडपत्री सपाट बसेना. सायकलींच्या सीटा तिला तीन ठिकाणी तंबूसारख्या उचलून धरत होत्या. वाऱ्यानं ती फडफडली असती आणि रंगावर घासत राहिली असती. मिस्त्रींनी पाना काढला. नट सैल, सीटखालच्या दांड्यावरून तेलाच्या फडक्याचा एक हात, सीट खाली, नट घट्ट. एक, दोन, तीन. ताडपत्री बसली. त्यांनी मागे सरकून पाहिलं. काम देखणं झालं होतं.

दहाबारा किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून पट्टे पुन्हा आवळायचे, हा त्यांचा नियम. ओझं जरा बसतं आणि पट्टे ढिले पडतात. मामानं रस्त्याकडेला एका झाडाखाली गाडी घेतली. मिस्त्री मागे गेले आणि त्यांनी ताडपत्रीचा कोपरा उचलला. मग ते काहीच करेनात.

बराच वेळ झाला तसा मामा उतरून आला. "सुटला का पट्टा?"

"नाही."

"मग?"

"सीट खाली केली मी तिची."

मामाला कळेना. "मग वर करू की पोचल्यावर."

"कुठवर?"

गिऱ्हाइकाच्या सायकलीची सीट खाली करण्याआधी मिस्त्री दांड्याला तांबड्या चिकटपट्टीचा एक वेढा देत. नंतर सीट वर ओढायची ती त्या वेढ्यापर्यंत, केसाचाही फरक न होता. हजारो वेढे त्यांनी दिले असतील. पण घरच्या सायकलीला खूण करायची पद्धत नव्हती. घरच्या सायकलीची खूण म्हणजे तिच्यावर बसणारं माणूस. भिंगरी सीटवर बसे, टाच पेडलवर ठेवून पाय ताणे आणि सांगे, बाबा, जरा वर. हं, जरा खाली. नववीत असताना एक बोट, दहावीत दोन, त्यानंतर तिनं स्वतःच कधीतरी पाना घेऊन केली होती. आज हातांनी घरच्या सायकलीला जसं नेहमी हाताळलं तसंच हाताळलं. हातांना बातमी पोचली नव्हती.

सीट जिथवर दांड्यावर बसली होती तिथं अकरा महिन्यांच्या धुळीची एक बारीक रेघ असणार. ती त्यांनी फडक्यानं पुसून टाकली होती, दांड्यावर ओरखडा पडू नये म्हणून.

मामानं मोबाइल काढला. "फोटोत दिसेल. थांबा." त्यानं एकेक फोटो सरकवला. भिंगरी हँडलवर हनुवटी टेकून. भिंगरी पेडलांवर उभी, केस उडालेले, सीट तिच्या सदऱ्यामागे झाकलेली. भिंगरी सायकल एका हातानं धरून, पण तो तीन वर्षांपूर्वीचा, तेव्हा ती आईच्या खांद्याएवढीच होती.

"एकाही फोटोत ही पोरगी बसलेली नाही," मामा म्हणाला. मग त्यानं मोबाइल खिशात टाकला. "भावोजी, अंदाजानं करा. ताईला काय कळणार आहे? तिला सायकल चालवता तरी येते का?"

मिस्त्रींनी पट्टे आवळले. उरलेल्या वाटेत ते स्वतःच्या मांडीवर वीत टाकून काहीतरी मोजत होते आणि मोजलेलं पुन्हापुन्हा पुसून टाकत होते.

नव्या खोल्या तळमजल्यावर होत्या, समोर फरशीची अरुंद पट्टी. गाडीचा आवाज ऐकून बायको बाहेर येईल म्हणून मामानं पिकअप कोपऱ्यावरच उभी केली. मिस्त्रींनी पुढचं चाक बसवलं, सीट वर ओढली, डोळे मिटले, थोडी आणखी ओढली, नट घट्ट केला. मग दोघांनी सायकल ढकलत नेली, मिस्त्री हँडलपाशी आणि मामा मागे, गरज नसताना.

बायको दारातच होती. ती सायकलीकडे आली, सांगाड्यावरून, चाकांवरून तिची नजर फिरली. एकही ओरखडा नव्हता. तिचा चेहरा सैल झाला. मग तिनं उजवा हात सीटवर ठेवायला नेला, आणि तो मध्येच, हवेत थांबला. सीट त्याच्या खाली होती.

"ही तिची नाही," ती म्हणाली.

"तिचीच आहे, ताई," मामा म्हणाला. "हे बघ, घंटीवर तिनंच—"

"मामा, तू आत जा," मिस्त्री म्हणाले. तो गेला. मग त्यांनी सगळं सांगितलं, ताडपत्रीपासून फडक्यापर्यंत, एखाद्या गिऱ्हाइकाला बिघाड समजावावा तसं, क्रमानं. तिचा हात तसाच होता.

"रोज दुपारी तुम्ही जरा पडायचात ना," ती म्हणाली, "तेव्हा मी दुकानात यायचे. हात ठेवून उभी राहायचे. काही करायचे नाही."

मिस्त्रींना हे ठाऊक नव्हतं. अकरा महिने एकाच छपराखाली त्यांनी त्या सायकलीकडे पाठ केली होती, आणि ती पाठीमागे येऊन उभी राहत होती.

"हात तसाच ठेव," ते म्हणाले. गुडघ्यांवर बसून त्यांनी नट सैल केला आणि सीट हळूहळू वर सरकवली, तिच्या तळव्याला लागेपर्यंत. तिनं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले.

"हं," ती म्हणाली.

त्यांनी पाना लावला.

"थांबा. एकदा बघू दे." तिनं हात काढून घेतला, दोन पावलं मागे गेली, पुन्हा आली, आणि न बघता हात ठेवायला गेली. हात सीटवर आपटला. दोन बोटं खाली शोधत होता तो.

दोघंही त्या दोन बोटांकडे पाहत राहिली.

"पहिलं बरोबर असेल," मिस्त्री म्हणाले.

"की दुसरं?"

"अजून एकदा बघ हवं तर."

तिनं मान हलवली. हात पदराखाली घेतला, जणू आणखी वापरला तर उरलेलंही झिजून जाईल. आतून मामानं पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला.

"घट्ट करा," ती म्हणाली.

"हीच उंची धरू?"

"माहीत नाही. घट्ट करा."

मिस्त्रींनी नट आवळला. पुरेसा झाल्यावरही ते आवळत राहिले, आणि ती त्यांच्या पाठीमागे उभी राहिली.