सोतबावीच्या खाडीचा नकाशा बोलतो

मी नकाशा. शाळेच्या भिंतीवर खिळ्याला लटकून धूळ खाणाऱ्यांतला नाही, संगणकात राहणारा. तेवढाच आपला तोरा. माझं काम एकच. समुद्रात तेल सांडलं की ते कुठं गेलं, कुणाला बाधलं आणि अजून किती उरलंय ते दाखवायचं. बाधा असेल तिथं मी लाल होतो, नसेल तिथं निळा.

माझी आई म्हणजे हेवॉन. किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात कामाला आहे आणि सोतबावी हे तिचं आजोळ. नऊ एप्रिलला सोतबावीच्या तोंडाशी तेलाचा बार्ज खडकावर आपटला, त्यानंतर तिनं मला जन्माला घातलं. पण पोसलं कुणी, तर पाच घरांनी. अहो, माधुकरीच म्हणा ना! समुद्राचं पाणी तपासणारं खातं, शिंपल्यांची प्रयोगशाळा, पक्षी मोजणारी मंडळी, सरकारी दवाखाना आणि गावची मच्छीमार सोसायटी. पाचही जणांचे आकडे लोकांसाठी उघडे. कुणीही यावं, बघावं. फक्त एकमेकांचे बघायला कुणाला सवड नव्हती.

पाचांमुखी परमेश्वर म्हणतात. माझ्या पाचांची तोंडं मात्र पाच दिशांना! एक खाडीला नावानं ओळखतो, दुसरा नंबरानं. एक आठवड्याला मोजतो, दुसरा आठवण होईल तेव्हा. हेवॉननं त्या सगळ्यांना एका पंगतीला बसवलं. काम अडलं की पडद्याकडे बघून म्हणायची, "जुळ रे बाबा, आता तरी जुळ." माझ्याशी कुणी इतक्या मायेनं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग गावच्या सभागृहात मला भिंतीवर पसरलं. शिंपले काढणाऱ्या बायका खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. पुढं त्यांची म्होरकी, अख्ख्या गावाची बोंगसुन आजी. साफसफाई खात्याचे प्योसाहेब छडी घेऊन उभे. शेजारची खाडी लालभडक आणि सोतबावीची निळीशार.

"हे बघा आजी," साहेब म्हणाले, "तुमच्या खाडीचे आकडे अजून फक्त तुमच्या सोसायटीचे आलेत, आणि त्यांत शिंपले पंधरा मार्चला मेलेत. तेल सांडलं एप्रिलात. आधीच मेलेल्याला तेल कसं मारेल? यंत्रं शेजारची खाडी उपसून परत जातील."

"साहेब, आमच्या वाळूत हात घालून बघा," आजी म्हणाली. "कोपरापर्यंत काळा होतोय. तेल काढलं नाही तर शिंपलं पुन्हा रुजायचं नाही तिथं."

"मी आकड्यांवरच जाणार ना."

आजी हेवॉनकडे वळली. "पोरी, याच खाडीचे शिंपले भरवून तुला वाढवलं. चांगले पांग फेडलेस हो."

हेवॉनची मान खाली गेली. मला तर भिंतीवरून उतरावंसं वाटलं. पण नकाशाला पाय कुठले? जे मला खायला घातलं होतं तेच मी दाखवत होतो.

चार दिवसांनी ती माफी मागायला आजीच्या घरी गेली. मी तिच्या पाठीवरच्या पिशवीत. आजी नवऱ्याच्या श्राद्धाची धिरडी तळत होती. तिनं रागानं एकदा बघितलं आणि उलथनं हेवॉनच्या हातात दिलं. "आलीच आहेस तर उलट ती. करपवू नकोस."

हेवॉन धिरडी उलटू लागली. उलटता उलटता म्हणाली, "आजी, गेल्या वर्षी आजोबांचं श्राद्ध वेगळ्याच तारखेला होतं ना?"

"तारखेनं कुणी श्राद्ध करतं का गं? आम्ही तिथीनं करतो. चंद्र बघून."

उलथनं थबकलं. "आणि शिंपल्यांच्या नोंदी?"

"त्याही तशाच. ओहोटी कुणाच्या हातात? चंद्राच्याच ना? आमच्या पंचांगात तिसऱ्या महिन्याची पंधरावी, म्हणजे एप्रिलातली पौर्णिमा. मोठी ओहोटी होती म्हणून लांबवर उतरलो, तर सगळे शिंपले तोंड वासून पडलेले. तेल येऊन आठवडा झाला होता तेव्हा."

"मी ती मार्चची पंधरा धरली," हेवॉन म्हणाली.

आजीनं पिठाचा डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि आम्ही तरी कुठं सांगितलं? आम्हाला वाटलं, ते सगळ्या जगाला ठाऊक असतं. अगं बाई, धिरडं करपलं बघ."

करपलं ते करपलंच. हेवॉननं मला तिथंच बैठ्या मेजावर उघडलं आणि पिठाच्या बोटांनी सोसायटीची एकूण एक तिथी तारखेत बसवली. बघता बघता सोतबावीची खाडी लाल झाली. आपली खाडी लाल झाली म्हणून डोळे पुसणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

प्योसाहेब माणूस सरळ. त्यांनी नवा हिशोब पाहिला, "चुकलंच म्हणायचं," म्हणाले आणि यंत्रं वळवली. वरची काळी वाळू गेली. खोल मुरलेलं तेल हळूहळू जाईल म्हणतात. मी आता तिथं नारिंगी आहे, म्हणजे बाधा कमी झाली, पण गेली नाही. शिंपले पुन्हा रुजलेत, पण मी निळा होईपर्यंत ते कुणी खायचे नाहीत.

सोसायटीच्या कचेरीत आता माझा पडदा लावलाय. बोंगसुन आजी महिन्यातून एकदा काठी टेकत येते आणि माझ्यापुढं उभी राहते. "काय रे, खाऊ का आता?" असं विचारते. मला खोटं बोलता येत नाही.

म्हणून माझ्या पाच घरांना हात जोडून सांगणं आहे. तुमची कामं मला माहीत आहेत. सुट्ट्या असतात, सह्या राहतात, पण आकडे वेळेवर धाडत जा. आकडा आला नाही की माझी ती जागा नुसती पांढरी दिसते. आजी त्या पांढऱ्याकडे बराच वेळ बघते, "बरं, पुढच्या महिन्यात येते," म्हणते आणि काठी उचलते. तिला शहाऐंशी वर्षं झाली आहेत.