खिडकी उघडण्याआधीची मोहोर

मित्रांनो, आधी आमच्या बाबूची खोड सांगते, मग माझं. हा माणूस खिडकी उघडायच्या आधीच शिक्के मारून मोकळा होतो.

मी एक जुनी मोहोर आहे. कचेरीत मला शिक्का म्हणतात, म्हणोत बापडे. एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणाऱ्या मुलांचे आधीचे क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे जमा गुण, धरायचे की नाही, ते या टेबलावर ठरतं. 'मंजूर' उमटवते ती माझी धाकटी बहीण. मी 'नामंजूर'.

मी नवी आले तेव्हा इथे मोठ्या बाई होत्या. दोन्ही कॉलेजांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून त्या एकेक विषय ताडून पाहत. मला हात लागायचा वर्षातून चार वेळा. "हिला उचलताना मनगट जड व्हायला हवं," म्हणत. काय रुबाब होता माझा!

बाई निवृत्त झाल्या आणि माझे दिवस फिरले. बाबूकडे कॉलेजांची जुनी यादी आहे. यादीत नाव नसलं की मी दाणकन पडते. काम झालं की मला शाईतच पालथी टाकतो. रबर फुगलंय, कडा फाटल्यात.

आज अर्जांचा शेवटचा दिवस. एक मुलगी आईला घेऊन आली. वडील अंथरुणाला खिळले म्हणून दूरचं कॉलेज सोडून इथे येऊ पाहणारी. दोन वर्षांचे चौसष्ट क्रेडिट. धरले नाहीत तर पुन्हा पहिलं वर्ष. तिचा अर्ज आठवड्यापूर्वीच आला होता, आणि आज सकाळीच मी त्याच्यावर पडले होते.

ती म्हणाली, "दादा, आमच्या कॉलेजचं नाव बदललंय. पत्र मागे जोडलंय."

"आता शिक्का बसला, ताई. रजिस्टरलाही चढलं."

"पान तरी उलटा," आई म्हणाली.

बाबूनं घड्याळ पाहिलं आणि खिडकी ओढून घेतली. काचेपलीकडे दोघी बराच वेळ उभ्या होत्या. मग नव्हत्या.

त्यानं टपालानं आलेल्या अर्जांचा गठ्ठा पुढे घेतला आणि माझी मूठ धरली. वरच्या अर्जालाही मागे काहीतरी टाचलेलं होतं.

मित्रांनो, उद्या माझ्यासारखी कुणी तुमच्या हाती आली, तर आधी पान उलटा. मी मात्र आज, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्यानं बोलले.

"बाबू, मला अक्षरओळख नाही, म्हणून मी वाचत नाही. तुला येतं, आणि तू वाचत नाहीस. आपल्या दोघांत अडाणी तू आहेस."