पोट गरम, हौद कोमट

मी एक जुनी भट्टी आहे. जुनी म्हणजे गंजकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. बारा वर्षं झाली, माझ्या पोटातून अजून एक थेंब गळलेला नाही. ज्यांच्या घरच्या बादल्या वर्षभरात पाझरायला लागतात, त्यांनी माझ्याकडे बघून नाक मुरडू नये.

मित्रांनो, भट्टी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लोहाराची नाहीतर विटांची भट्टी आली असेल. मी तसली नाही. मी पाण्याची भट्टी. आंघोळीचा बंब पाहिला असेल तर तो माझा नातू समजा. माझ्या मधोमध लाकडं जळतात, भोवती सहाशे लिटर पाणी तापतं आणि डोक्यावर धुराडं आहे. मी चार भिंतींत कोंडून घेणाऱ्यांतली नाही. अंगणात टिनाच्या छपराखाली ऐसपैस बसते. गडचिरोलीहून चामोर्शीकडे जाताना आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर सगळे बघायला याल, आणि आशाबाईला सगळ्यांचा चहा करावा लागेल.

आमच्या गावचे लोक जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे वाढवतात. त्या कोशांतून रेशीम निघतं. कोसे, म्हणजे हे कोश, माझ्या शेजारच्या गावच्या शेडमध्ये आले की त्यांना वाफ द्यावी लागते. नाही दिली, तर आतल्या किड्याचं पाखरू होतं आणि ते कोसा फोडून बाहेर येतं. फुटलेल्या कोशाचा सलग धागा निघत नाही, नुसते तुकडे हाती येतात. वाफेनं आतला जीव संपतो, हे मी लपवणार नाही. म्हणूनच बियाण्याच्या टोपल्या वेगळ्या ठेवतात, त्यांना माझी वाफ कोणी लागू देत नाही. त्यांची पाखरं उडतात आणि पुढच्या हंगामाची अंडी घालतात.

माझा जन्म वरोऱ्याचा. इनायतभाऊंनी जाड पत्रा वाकवून मला घडवलं. माझा एकेक सांधा त्यांनी दोनदा जोडला. ट्रॅक्टरवरून मी गावात उतरले, तेव्हा शेडची मुख्य बाई, म्हणजे आशाबाई, कमरेला पदर खोचून उभी होती. बाजारात मडकं घेताना बोटांनी वाजवून बघतात, तसं तिनं मला वाजवून बघितलं.

"बोदी नाई वाजत," ती म्हणाली, म्हणजे फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येत नाही. "राहू द्या."

एवढंच. पण मित्रांनो, आशाबाईच्या तोंडून 'राहू द्या' निघणं म्हणजे दुसऱ्या कोणी हार घालण्यासारखं आहे.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना धुरानं रडवलं. धुराडं आखूड पडलं होतं, त्यात माझा काय दोष? आशाबाईनं मला आणि इनायतभाऊंना एकाच दमात शिव्या घातल्या आणि धुराडं दोन हात वाढवून घेतलं. तेव्हापासून माझी आणि तिची जोडी जमली. रोज सकाळी ती मला पेटवायची. राख काढायची, पोटावर हात ठेवायची आणि हातानंच ओळखायची की आता पाणी हौदात सोडायचं. शेडमधल्या हौदावर टोपल्या ठेवायच्या, खालून वाफ, वर बायकांच्या गप्पा. परगावचे लोक बघायला यायचे. "किती गुणाची भट्टी," म्हणायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग जावई आला.

जावई म्हणजे गॅसचा बॉयलर. नाव मीच ठेवलं. पांढराशुभ्र, भिंतीवर टांगलेला, खायला सिलिंडर. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, अशा वेळी अडू नये म्हणून आशाबाईची सून मंजुषा हिनं तो बसवून घेतला. माझी नळी आणि त्याची नळी पुढे एक होऊन हौदाला जाते. माझ्या नळीवर एक झडप आहे. त्या झडपेतून पाणी माझ्याकडून हौदाकडे जातं, उलट माझ्याकडे येऊ शकत नाही. हे नीट लक्षात ठेवा. आमच्याकडच्या मोठ्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

आशाबाईला जावई मुळीच आवडला नाही. "याले ना धूर, ना राख. काम करून राह्यला का झोपला, समजाव कसं?" ती म्हणायची. मी मनात म्हणायचे, बरोबर बोललीस बाई.

यंदा भादव्यात दुसऱ्या गावच्या बायका शेड बघायला येणार होत्या. आशाबाईनं फर्मान काढलं, सगळ्या नळ्या चांदीसारख्या चमकल्या पाहिजेत. गावातल्या हेमराजनं नळ्या सोडल्या, गंज घासला, चंदेरी रंग मारला आणि परत जोडून दिल्या. मलाही रंगवलं. या वयात. पाहुण्या आल्या, वाहवा झाली, फोटो निघाले. पण त्या गडबडीत मला पेटवायचं राहून गेलं. मग झड लागली, लाकडं भिजली, आणि माझ्या छपराखाली येऊन बसली ती फक्त शेजारच्या वारलूची कोंबडी.

आणि नेमके तेव्हाच पहिल्या पिकाचे कोसे आले. एकवीस टोपल्या. बारा घरांची दोन महिन्यांची राखण होती ती. त्या बायाबापड्यांनी पावसात झाडाखाली उभं राहून कावळे हाकलले होते.

मंजुषानं जावयाला पेटवलं. पहिला दिवस गेला, हौद कोमट. दुसरा दिवस गेला, हौद कोमटच, आणि आठ दिवस पुरणारा सिलिंडर रिकामा. दुसरा सिलिंडर लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपल्या निवडणाऱ्या सोमारीनं एक कोसा उचलून सगळ्यांपुढे धरला. त्याचं टोक ओलं झालं होतं.

शेडमधल्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. टोक ओलं झालं म्हणजे आतलं पाखरू वाट भिजवून मऊ करत आहे. एकाचं झालं की बाकीच्यांचं व्हायला वेळ लागत नाही.

"उद्यापर्यंत अर्ध्या टोपल्या जातीन," सोमारी म्हणाली.

"सांगतलं होतं मी," आशाबाई सुनेकडे वळली. "भिंतीवर टांगलेलं कधी पोट भरते का?"

मंजुषा चिडली नाही. ती स्टुलावर चढली. "आई, जाळ निळा हाये. गॅस बराबर येऊन राह्यला. पंप फिरून राह्यला. नळीतली हवा बी काढली मी. पाणी तापूनच निंघते इथून, हात लावून पाहा."

"मंग जाते कुठी?"

"तेच तर समजून नाई राह्यलं."

नवा सिलिंडर आणायचा तर नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं, गाडी येणार नव्हती. आशाबाई रागानं अंगणात आली. राग काढायला कोणीतरी लागतंच. तिला माझ्या डोक्यावर आरामात बसलेली वारलूची कोंबडी दिसली.

"तुले काय इथी दवाखान्यात भरती केलं हाये?" म्हणत तिनं कोंबडी उचलली आणि तिच्या जागी हात टेकला.

मित्रांनो, तीन दिवस मी ओरडून ओरडून सांगत होते. पण भट्टीचा आवाज कोणाला ऐकू येतो? माझ्यात एक काडी जळत नव्हती, आणि माझं पोट ताप आल्यासारखं कोमट होतं.

आशाबाईचा हात तसाच राहिला. बारा वर्षांचा हात तो, फसायचा नाही. "मंजुषा," तिनं हाक मारली, "हिले कोणं पेटवलं?"

"कोणीच नाई, आई."

"मंग ही गरम काऊन?"

मंजुषानं धावत येऊन दोन्ही हातांनी मला चाचपलं आणि तिथूनच इनायतभाऊंना फोन लावला. भाऊ आता थकलेत, वरोऱ्याहून कुठे जात नाहीत, पण कान शाबूत आहेत. सगळं ऐकून ते हसायला लागले.

"आशाबाई, तुमचा गॅस हौद नाई तापवून राह्यला. माझी भट्टी तापवून राह्यला. झडप पाहा. तिच्यावर बाण हाये. बाणाचं तोंड कोणीकडं हाये, सांगा मले."

झडप सापडली, पण बाण कुठेच दिसेना. सगळी चंदेरी. सोमारीनं विळा आणून रंग खरवडला. खालून बाण निघाला आणि त्याचं तोंड सरळ माझ्याकडे होतं. हेमराजनं झडप उलटी बसवली होती. गॅसनं तापलेलं पाणी पंप माझ्या पोटात ढकलत होता, आणि मी ती ऊब धुराड्यातून पावसाला वाटत होते.

"म्हंजे पाणी हौदाच्या सासरी जायच्या ऐवजी माहेरी येऊन बसलं," मंजुषा म्हणाली.

बायका हसल्या. मग एकेक हसू आवरलं, कारण नळ्या चंदेरी करायचं फर्मान कोणाचं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. मंजुषा तर मुद्दाम झडपेकडेच बघत राहिली.

आशाबाईनं पदरानं हात पुसले. "हेमराजले कोणी काही म्हणू नका," ती म्हणाली. "रंग मी लावाले सांगतला. मले चमकावाचं होतं. तुह्या गॅसचा काही दोष नाई, मंजुषा."

बारा वर्षांत मी तिच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. माझ्या पोटात पाणी होतं म्हणून, नाहीतर मी वाजले असते.

मंजुषानं पाना घेऊन झडप सुलटी केली. पण दुसरा सिलिंडरही उचलून बघावा तर हलका. एकट्या जावयाच्यानं एकवीस टोपल्या होणार नव्हत्या. आशाबाई घरी गेली आणि माळ्यावरचं सुकं लाकूड बैलगाडीत घालून घेऊन आली. ते तिनं घरच्या चुलीसाठी राखलेलं होतं, त्यातली ढलपी ती शेजारणीलाही देत नसे.

मग मी पेटले. काय सांगू मित्रांनो, किती दिवसांनी. रंगाचा पहिला धूर निघाला, सगळ्या खोकल्या, मीही धुराड्यातून खोकले. आतून जावई, बाहेरून मी. तासाभरात हौद उकळायला लागला. टोपल्या चढू लागल्या. पाऊस पत्र्यावर, वाफ शेडमध्ये, आणि बायकांनी अशी काही गाणी म्हटली की ती इथं सांगण्यासारखी नाहीत. दिवेलागणीला एकविसावी टोपली उतरली. सोमारीनं कोसे निवडले. सगळे मिळून नऊ फुटलेले निघाले. फक्त नऊ.

आशाबाई माझ्याजवळ जमिनीवर टेकली. तिनं मंजुषाला बोलावलं.

"उद्या मले तो गॅस पेटवाले शिकव."

"शिकवतो," मंजुषा म्हणाली. "पण रंगाचा डबा मी लपवून ठेवतो, आई."

"ठेव. अन् ज्यादा बोलू नको." असं म्हणताना आशाबाई हसत होती. मी समोरच होते, मी पाहिलं.

तर मित्रांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्याही घरी पाणी तापवणारं, दळणारं, उजेड देणारं काहीतरी जुनं असेल. त्याला चमकवा, माझी ना नाही. पण रोज एकदा त्याच्या अंगावरून हात फिरवा. गरम असेल तर का गरम आहे, गार असेल तर का गार आहे, ते त्याला विचारा. आम्हाला बोलता येत नाही, पण हाताला सगळं सांगतो आम्ही.