तीन बायका अन् चाखायला जीभ नाही

“आधणाचं पाणी चाखून पाह्य, मगच त्यात आलू सोड, सूनबाई.”

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं, पण आलूची पाटी समोर आली की आधी हेच शब्द कानात येतात. रामनवमीला शिरपुरावरून पोहरादेवीला पायी जाणाऱ्या उपासकऱ्यांना आमच्या दारात मूठ-मूठ चिप्स द्यायचे, हा त्यांचा नेम. जाताना तो त्यांनी माझ्या ओटीत घातला. यंदा तो पहिल्यांदाच माझ्या हातून व्हायचा होता.

शेजारची नसीम किसणी घेऊन गच्चीवर आली. दरसाल सासूबाईंच्या हाताखाली आम्ही दोघी मिळूनच चिप्स करायचो. त्या दिवशी माझी निर्जळी एकादशी होती आणि तिचा रोजा. काप तुरटीच्या पाण्यातून निघाले, चुलीवरच्या मोठ्या गंजात आधण आलं. मी बरणीतलं उपासाचं मीठ टाकलं आणि माळ ओढायला खाली तुळशीपाशी गेले. परत आले तर काप गंजात शिजत होते.

“नसीम, पाणी चाखलं का?”

“रोज्यात कशी चाखू, भाभी? तुमी पाहा ना.”

“मले तर आज पाण्याचा थेंबही चालत नाही.”

पलीकडच्या गच्चीवर विजयमालाबाई गहू वाळत घालत होत्या. आम्ही दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं. त्या जैन, आलू-कांदा त्यांच्या घरात येत नाही.

“माझ्याकडं काय पाहता?” त्या म्हणाल्या. “बाटवता का मले?”

नसीम ओढणीआड हसली. “घ्या. तीन बायका अन् चाखायले जीभ एकही नाही. राहू द्या, भाभी. त्याच बरणीतलं मूठभर मीठ टाकलं मी, पुरते तेवढं.”

माझ्या हातातला झारा थांबला. “तू टाकलं? अवं, मी टाकूनच खाली गेली होती.”

मग कोणी हसलं नाही. पाटीभर आलू त्या गंजात होते. उपाशी माणसाच्या हातावर खारट चिप्स ठेवायचे कसे, आणि पहिल्याच वर्षी नेम मोडायचा तरी कसा?

विजयमालाबाई कठड्याशी आल्या. “तोंडं कायले पाडता? दुसरं बिनमिठाचं आधण ठेवा. काप त्यात बुचकळा अन् लगेच उपसा. खारट कैरीचं आमी असंच करतो.”

तसंच केलं. धुतलेल्या पातळावर एकेक काप पसरताना नसीम म्हणाली, “बाई, आलू वाचवले तुमी, अन् तुमच्याच तोंडात काही नाही. तुमच्यासाठी कच्च्या केळ्याचे करून देतो. उद्याच.”

“रोज्यात कुठं हिंडतं उन्हात. बस घरी.”

दिवस बुडाला, अजान झाली. नसीमने खजूर खाल्ला, पाणी प्यायली. दिवसभराच्या उन्हाने कडक झालेले चार काप मी तळून तिच्यापुढे ठेवले. तिने एक खाल्ला. दुसरा खाल्ला.

“सांग ना व.”

“अजून समजलं नाही,” म्हणत तिने तिसरा उचलला, मग चौथा. बोटं चाटून झाल्यावर म्हणाली, “तुमच्या सासूच्या हातचे असेच लागत.”

मी उठून देवापुढे साखर ठेवली.

सकाळी उपास सोडायच्या आधी तुळशीला पाणी घालत होते. ऊन अजून कोवळं होतं. शेजारी आपल्या फाटकाची कडी वाजू न देता नसीम बाहेर पडली, आणि रिकामी थैली काखेत दाबून बसस्टँडजवळच्या केळीवाल्याच्या वाटेला लागली.