झोपेचा खाऊ

मी एक जुनी बाटली आहे. वयाने नव्हे, हाताळून जुनी झालेली. माझं लेबल निम्मं खरवडलं गेलंय आणि पोटात थोड्याच गोळ्या उरल्यात. मेलाटोनिनच्या, म्हणजे झोप आणणाऱ्या गोळ्या त्या; लाल, मऊ, साखरेत घोळलेल्या. मित्रांनो, त्या अगदी तुमच्या खाऊसारख्या दिसतात आणि तिथेच घात झाला.

कारखान्यात मला एक शहाणं झाकण मिळालं. खाली दाबल्याशिवाय ते फिरत नाही, म्हणून लहान मुलांना उघडत नाही. मला त्याची भारी ऐट होती. दुकानातून मला एका बस चालवणाऱ्या बाईने घरी आणलं. तिची कामाची पाळी बदलून पहाटेची झाली होती, झोप मात्र जुनी वेळ सोडायला तयार नव्हती. त्यात एकदा तिची गाडी उशिरा निघाली आणि आगारातल्या साहेबांनी बजावलं, "पुन्हा असं झालं तर गाडी दुसऱ्याला देईन." त्या धसक्याने उरलीसुरली झोपही उडाली.

पहिल्या गोळीने तिला झोप लागली, तेव्हा तिने मला चक्क उशाशी जागा दिली. मग एका गोळीने भागेना, दोन गोळ्यांनीही भागेना. तिची काळजी घालवणारं माझ्याकडे काहीच नव्हतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

"आई, काय खातेस?" तिची लेक भिंगरी विचारायची.

"माझा झोपेचा खाऊ आहे गं. तुझा नाही."

हे एक चुकलं. दुसरं म्हणजे दमलेल्या बोटांनी ती माझं झाकण आता नुसतं वर टेकवून ठेवू लागली.

त्या घरात चहाची एक पद्धत होती. आई बिनसाखरेचा चहा करून थर्मासमध्ये ओते आणि साखर घालण्याचा मान भिंगरीचा. त्यासाठी ती पोर डोळे चोळत उठून बसे. एका सकाळी आई ओट्याला टेकून पुटपुटली, "मला फक्त झोप हवीय. बाकी काही नको."

भिंगरीने ते ऐकलं. आई गणवेश घालायला आत गेली तशी तिने मला उचललं आणि मूठभर गोळ्या थर्मासमध्ये टाकल्या. मला ओरडायचं होतं. पण बाटलीला तोंड असलं तरी आवाज नसतो. आईने थर्मास उचलला, लेकीचा मुका घेतला, भिंगरीला सांभाळायला आलेल्या शेजारच्या मावशीला "येते हं" म्हटलं आणि ती गेली.

मित्रांनो, तो वेळ मी कसा काढला ते माझं मलाच ठाऊक. बसमध्ये माणसं चढत असतील, तिचे डोळे मिटत असतील, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता. मग फोन वाजला.

"मावशी, आधी भिंगरीला बघा," आईचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तिने गोळ्या खाल्ल्यात का? माझ्या कपात लाल गाळ निघालाय."

नंतर तिच्या बोलण्यातून कळलं, गाडी सुटण्याआधीच तिने चहाचे घोट घेतले होते. मग किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवून तिने आज गाडी काढणार नाही म्हणून सांगितलं. नोकरीवर पाणी सोडावं लागेल हे तिला कळत होतं.

मावशीने मला हलवून पाहिलं, भिंगरीला दहादा विचारलं. पोर इतकी घाबरली होती की तिच्या तोंडून शब्द फुटेना. मला खरं ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. एवढी असहाय मी कधीच नव्हते.

कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून आई घरी पोचली आणि लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. तेव्हा कुठे भिंगरी बोलली.

"काढला तो सगळा खाऊ तुलाच दिला. मी एक पण नाही खाल्ली. मग तू झोपलीस का गं?"

आई तिला कवटाळून रडत राहिली.

आता गाडी दुसरं कुणी चालवतं. आई डॉक्टरांकडे जाते, साहेबांच्या निरोपाची वाट पाहते, आणि मी कुलूपबंद कपाटात आहे. मित्रांनो, औषधाला कधी खाऊ म्हणू नका, आणि माझं झाकण नीट लावा. घरात कुणाला झोप येत नसेल, तर मला आणण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि का येत नाही ते विचारा. ती बाई किती दमलीय हे आम्हा दोघींनाच कळलं होतं. एकीला बोलता येत नव्हतं आणि दुसरी फार लहान होती.