तेरा मोहल्ल्यांची अमेरिका

अमेरिकेचा इतिहास तय्यबाच्या वाट्याला आला तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती. अमेरिकेबद्दल तिला एवढंच माहीत होतं, की तिथे तिच्या मावसभावाचा मुलगा राहतो आणि तो कधी फोन करत नाही.

पण गरज तिची होती. कतारमधल्या अल वक्रा गावातल्या एका बालवाडीच्या बसमध्ये मुलांना चढवायचं-उतरवायचं काम ती कित्येक वर्षं करत होती. आईचा हात सोडताना आकांत करणारी पोरं हिच्या मांडीवर दोन सिग्नल जायच्या आत गप्प होतात, हे बालवाडीच्या मुख्य बाईंच्या नजरेत भरलं. त्यांनी बोलावून सांगितलं, की वर्गात मदतनीस शिक्षिकेची जागा आहे, ती तुला देते, फक्त शाळा पुरी केल्याचा दाखला आण. आता दाखला आणायचा कुठून? रत्नागिरीकडच्या गावात दहावीला गणितात आपटल्यावर घरच्यांनी तिची शाळा बंद केली होती. पुढे अबूबकरशी निकाह झाला, ती दोह्याला आली, आणि शाळा तिथेच राहिली.

वाट काढली ती लेकीनं, सुमैयानं. शाळा अर्ध्यात सोडलेल्या मोठ्या माणसांसाठी अमेरिकेतली एक संस्था परीक्षा घेते आणि ती इथे बसून देता येते, असं तिनं शोधून काढलं. तय्यबानं हिय्या केला. गणित निघालं, विज्ञान निघालं, इंग्रजीही रडतखडत निघालं. राहिला अमेरिकेचा इतिहास, आणि त्याची परीक्षा तोंडी. पहिल्या खेपेला कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोरी बाई दिसली आणि तय्यबाचं पाठांतर जे पळालं ते परत आलंच नाही. नापास. आता आणखी एक संधी होती. ती हुकली की वर्षभर थांबायचं, आणि मुख्य बाई तेवढा काळ जागा रिकामी ठेवणार नव्हत्या.

सुमैया शिकवायला बसली खरी, पण तिला मराठी नुसती समजते, बोलते ती इंग्रजीत, त्यातून वय सतरा. "मम्मा, दॅट्स सिव्हिल वॉर, नॉट द रेव्होल्यूशन," असं ती कपाळाला हात लावून तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा तय्यबानं पुस्तक मिटलं.

"मना नाय जमायचा," ती म्हणाली. "खलास."

हे अबूबकर पाटावरून ऐकत होता. तो दोह्याच्या जुन्या बाजारात, सूक वाकिफमध्ये, एका मसाल्याच्या दुकानात काउंटर सांभाळतो. दुपारी दुकान बंद होतं तेव्हा घरी येतो, मासे-भात जेवतो आणि झोपतो. या झोपेत कुणी लुडबुड केलेली त्याला मुळीच खपत नाही. सुमैयासुद्धा जन्मली ती बापाची झोप झाल्यावर, असं तय्यबा सांगते. पण त्या दिवशी त्यानं हात धुतले आणि पुस्तक मागितलं.

"दे इकडं. मी वाचतो आदी, मग तुला सांगतो."

"तुमी?" तय्यबाला हसूच आलं. या माणसाला तिनं औषधाच्या बाटलीवरचा कागदही पुरता वाचताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून हळदीच्या आणि सुक्या लिंबांच्या पोत्यांमागे अबूबकर सकाळी गिऱ्हाईक नसताना अमेरिका वाचू लागला. अडलं तर फोनवर मुलीला विचारायचा. आणि दुपारी, झोपेच्या वेळेत, तो बायकोसमोर मांडी घालून बसू लागला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अबूबकर त्यांच्या गावच्या जमातीच्या दोहा शाखेचा सेक्रेटरी आहे. गावातल्या सगळ्या मोहल्ल्यांतली घरं मिळून जमात होते, आणि तिचा अध्यक्ष म्हणजे सदर. मशीद, शाळा, रस्ता, भांडणतंटा सगळं ती बघते, आणि आखातात आलेली माणसं तिला वर्गणी पाठवतात. अबूबकरला जगातली कुठलीही गोष्ट समजते ती याच मार्गाने. त्यामुळे अमेरिकाही त्याच मार्गाने आली.

"हे बघ, तेरा मोहल्ले," तो म्हणाला. "आनि सदर बसलाय समुद्रापलीकडं, इंग्लंडात. तो म्हनतो, चहावर वर्गणी द्या. हे म्हनतात, देतो, पन बैठकीत आमचा मानूस बसूं दे. तो म्हनतो, ता नाय. निस्ती वर्गणी द्या."

"हा कसला न्याय?" तय्यबा म्हणाली.

"तेच ना! मग त्यांनी चहाच्या पेट्या उचलल्या नि समुद्रात ओतल्या."

"चांगला चहा?"

"चांगला. चायनाचा."

तय्यबाला त्या चहाची हळहळ वाटली, पण ती गोष्ट पुन्हा विसरली नाही. पुढे मोहल्ल्यांनी सदराला रामराम ठोकला ते साल, मग राज्यघटनेच्या वेळी थोरले मोहल्ले आणि धाकटे मोहल्ले कसे हमरीतुमरीवर आले, मग एका सभेत माणसं मोजून आणि दुसऱ्या सभेत मोहल्ल्यागणिक दोघे अशी तोड कशी निघाली, हे सगळं तिच्या डोक्यात घट्ट बसलं. असली भांडणं तिनं जन्मभर ऐकली होती. फक्त अमेरिकेतल्यांनी त्यातून काहीतरी कागदावर आणलं, याचं तिला कौतुक वाटलं.

यादवी युद्धाच्या दिवशी मात्र अबूबकर नेहमीसारखा सुरू झाला नाही.

"हितं जमात लागू पडत नाय गो," तो म्हणाला. "मानसं विकायचे. पोर आईपासून तोडून विकायचे. त्यांना लिवाय-वाचाय शिकवला तर तोसुद्धा कितीतरी ठिकाणी गुन्हा."

मग त्यानं एक परिच्छेद अडखळत वाचून दाखवला. युद्ध संपलं, गुलाम सुटले, आणि माणसं शाळांकडे धावली. मिळेल त्या जागी शाळा भरल्या, चर्चमध्ये, गोठ्यात. पांढऱ्या केसांच्या आज्या नातवंडांच्या शेजारी बसून मुळाक्षरं गिरवू लागल्या.

शेजारीण आली की तय्यबा अभ्यासाचं पुस्तक उशीखाली सारत असे. या वयात शिकते म्हणून लोक हसतील, ही धास्ती तिनं नवऱ्यालाही कधी बोलून दाखवली नव्हती.

"परत वाचा," ती म्हणाली.

त्यानं परत वाचलं. त्या दिवसापासून पुस्तक उघड्यावर राहिलं.

मग आलं १९२०.

"ह्या साली अमेरिकेत बायांना मत मिळाला," अबूबकर म्हणाला.

"म्हनजे चहा ओतला तेव्हा नव्हता?"

"नव्हता."

"वर्गणी तर बायांच्या घरातनंही जात आसंल. बैठकीला कोन बसायचा?"

अबूबकरनं पंख्याकडे पाहिलं. त्यांच्या जमातीच्या बैठकीला आजवर एकही बाई बसलेली नव्हती. बायका पडद्यामागे बिर्याणीच्या डेगा सांभाळत. हा नियम कुणी कुठे लिहिलेला नव्हता, पण होता.

"मना झोप आली," असं म्हणून तो आडवा झाला. इतक्या दुपारींत पहिल्यांदाच त्याला झोप आठवली होती.

परीक्षेच्या दिवशी घर रिकामं करून दिलं गेलं. पडद्यावर या वेळी वेगळी बाई होती, चष्म्यावाली, आवाजाने मऊ. बोलणं अर्थातच इंग्रजीत. तिनं विचारलं, अमेरिकेच्या इतिहासातलं कुठलं वळण तुला सर्वात मोठं वाटतं, आणि त्यानंतर काय बदललं? तय्यबानं घसा साफ केला आणि सुरुवात केली, "फर्स्ट, देअर वेअर थर्टीन मोहल्लाज. ऑल इन वन जमात."

पडद्यावरच्या बाईंनी चष्मा सारखा केला. जमात म्हणजे काय, त्यांनी विचारलं.

इतके दिवस ती ज्या शब्दांवर उभी होती तेच पायाखालून निघाले. पुस्तकातला इंग्रजी शब्द काय होता? कॉलनी. पण कॉलनी म्हटल्यावर पुढचं काहीच सुचेना. मग तिनं ठरवलं, की नापासच व्हायचं तर निदान मनातलं बोलून व्हावं. आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिनं जमात म्हणजे काय ते सांगितलं, मोहल्ला सांगितला, समुद्रात ओतलेला चहा सांगितला, आणि मग म्हणाली, की हे वळण मला सर्वात मोठं वाटत नाही. सर्वात मोठं वळण म्हणजे गुलाम सुटले ते. कारण त्यानंतर आज्या शाळेत गेल्या. ज्याला वाचता येतं त्याला परत कुणी सहज विकू शकत नाही, हे त्यांना कळलं होतं. मी पण उशिरा आले आहे, ती म्हणाली, म्हणून मला त्या कळतात.

बाईंनी बराच वेळ काही लिहिलं. मग पुढचे प्रश्न विचारले, सालं विचारली, आणि शेवटी, हे सगळं तुला कुणी शिकवलं, असंही विचारलं.

"माय हजबंड," तय्यबा म्हणाली. "ही सेल्स स्पायसेस."

निकाल लगेच लागणार नव्हता. इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो, त्याआधी दाखला हवा अशी मुख्य बाईंची मुदत होती, आणि त्याच शुक्रवारी जमातीचा वार्षिक मेळावा आला. जुम्याच्या नमाजनंतर अल वक्र्यातल्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. पुढे पुरुष, मागे पडद्याआड बायका आणि डेगा. तय्यबाचं कशातच लक्ष नव्हतं. मीठ दोनदा पडता पडता राहिलं, तेव्हा बायकांनी तिला कांदे तळायच्या कामातून काढून ताटं पुसायला बसवलं.

माइकवर अबूबकरचा आवाज सुरू झाला. बैठकीआधी पास झालेल्या मुलांचा सत्कार होतो, ही जमातीची जुनी पद्धत. सेक्रेटरीनं नाव पुकारायचं, सदर मुदस्सिरचाचांनी शाल द्यायची आणि डोक्यावर हात ठेवून विचारायचं, मोठा होऊन काय होनार? अरहानचं नाव आलं, दहावी. तसनीमचं आलं, बारावी. अरहान म्हणाला पायलट, तसनीम म्हणाली डॉक्टर.

मग माइक थोडा वेळ नुसताच खरखरला.

"तय्यबा अबूबकर," आवाज आला. "अमेरिकन बोर्ड. सगळे विषय पास."

कुठली दुसरी तय्यबा गावात आहे, असा विचार तिच्या मनात खरोखर येऊन गेला. इतक्यात बापाला फोन दाखवून आलेली सुमैया तोच फोन नाचवत पडद्याआड धावली. "आत्ताच मेल आली, मम्मा," ती म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली. बायकांनी तय्यबाच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिला पुढे ढकललं.

हॉलमधून चालताना तिला कुणाचे चेहरे दिसले नाहीत. मुदस्सिरचाचांची ऐंशी उलटलेली, नजर अधू. त्यांनी शाल घातली, डोक्यावर हात ठेवला आणि सवयीने विचारलं, "मोठी होऊन काय होनार, बेटा?"

हॉल फिस्सकन हसला.

"टीचर, चाचा," तय्यबा म्हणाली. "इन्शाल्ला, रविवारपासनं."

हसणं थांबलं. माइक जवळच होता, तो तिनं हातात घेतला. "मना भाषन येत नाय. पन मी एक सांगते. माज्या मुलीनं ही परीक्षा शोधून काढली. आनि सेक्रेटरीसायबांनी माज्यासाठी दुपारची झोप सोडली. आख्खी अमेरिका आदी सोता वाचली, मग मना भरवली. एवढा कुनी कुनासाठी करत नाय. मी ह्यांचे उपकार जन्मभर विसरायची नाय. शुक्रिया."

अबूबकर कागद खालीवर करत राहिला. बायकोनं चारचौघांत आपलं कौतुक करावं आणि आपण तिथे उभं असावं, अशी वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याला फार बरं वाटत होतं.

सत्कार झालेल्या मुलांनी पुढच्या रांगेत बसायचं आणि बैठक संपेपर्यंत उठायचं नाही, हीसुद्धा जमातीची पद्धत; शाळकरी पोरं म्हणून मुलीही त्यात चालत. मुदस्सिरचाचांनी पद्धतीप्रमाणे खुर्ची दाखवली आणि तय्यबा अरहान आणि तसनीम यांच्या मधोमध बसली. बैठक सुरू झाली. तिला ऊठ म्हणायचं कसं, हे कुणालाच सुचेना. विषय निघाला गावच्या शाळेचा. आठवीनंतर मुलींची गळती होते, त्यांच्यासाठी तालुक्याला जायला गाडी ठेवावी की नाही, असा तो विषय होता.

"कुनाला काय बोलायचा हाय?" मुदस्सिरचाचांनी विचारलं.

पुढच्या रांगेतून एक हात वर झाला. चाचांनी डोळे बारीक करून पाहिलं, त्यांना नवी शाल दिसली.

"बोल, बेटा," ते म्हणाले.